तीस पानी पत्रातून निसटलेले कारण : माजी सैनिकांच्या दाव्यांसाठीच्या एका सशुल्क सेवेविषयी

निर्णय आधीच सांगते. अमेरिकी माजी सैनिकांना भरपाईच्या दाव्यांत मदत विकणाऱ्या या सेवेला मी पाचपैकी एक तारा देत आहे, आणि तोही तिने करून दिलेल्या अनुक्रमणिकेसाठी. सेवेचे नाव येथे लिहीत नाही, कारण शुल्काचा वाद अजून मिटलेला नाही. मात्र ज्यांच्या घरी असा दावा चालू आहे त्यांना तिचे स्वरूप वर्णनावरून ओळखता येईल.

माझा भाचा लहानपणी आईवडिलांबरोबर न्यू जर्सीला गेला, तिथेच शिकला, अमेरिकी सैन्यात भरती झाला, इराकमध्ये दोनदा तैनातीवर राहिला आणि २०१० मध्ये सेवेतून बाहेर पडला. २०२१ पासून तो विलेपार्ल्याला माझ्याकडे राहतो. पीटीएसडीसाठी, म्हणजे युद्धातील आघाताने जडलेल्या मानसिक विकारासाठी, अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने, ज्याला सर्वजण व्हीए म्हणतात, त्याचे अपंगत्व ७० टक्के मानलेले आहे. २०२३ च्या पावसाळ्यात येथील छातीविकारतज्ज्ञांनी त्याच्या झोपेची रात्रभराची तपासणी करून घेतली, तेव्हा तासाला सरासरी ३८ वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो असे निघाले. हा आकडा ३० किंवा त्याहून अधिक असला की स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा विकार, तीव्र समजतात. तेव्हापासून त्याच्या उशाशी सीपॅपचे, म्हणजे मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे, यंत्र आले आणि हा आजार पीटीएसडीशी जोडून भरपाई मागता येईल का, हा प्रश्नही घरात आला.

मागता येते. व्हीएच्या नियमांत ३.३१० क्रमांकाचे एक कलम आहे. सैनिकी सेवेमुळे झालेल्या म्हणून मान्य झालेल्या आजारातून दुसरा आजार उद्भवला, किंवा आधीपासूनचा आजार त्यामुळे वाढला, तर त्या दुसऱ्या आजारालाही दुय्यम म्हणून मान्यता मिळू शकते. या कलमात निकटतम कारणाचा, म्हणजे नुकसानापर्यंत न तुटता पोचणाऱ्या कारणाचा, जो निकष घातला आहे, तो वाचून मला हसू आले, कारण मी फोर्टमधील एका सर्वसाधारण विमा कंपनीच्या दावे विभागात ३१ वर्षे काढली आहेत आणि निकटतम कारण हा शब्द त्या विभागात दिवसातून दहा वेळा उच्चारला जातो. गोदामाला आग लागली, आग विझवताना पाणी मारले गेले आणि पाण्याने कापूस कुजला. नुकसान पाण्याचे की आगीचे? आगीचे, कारण मधली कडी तुटलेली नाही. भाच्याचा दावा मला पहिल्या दिवसापासून असाच दिसत होता. पीटीएसडी ही आग, बंद पडणारा श्वास हा कुजलेला कापूस. मधले पाणी कोणते, ते दाखवायचे होते. ही सेवा नेमके तेवढेच करू शकली नाही.

किती पैशांचा प्रश्न होता, तेही सांगायला हवे. स्लीप ॲप्नियासाठी व्हीएच्या तक्त्यात चार पायऱ्या आहेत. तपासणीत आजार दिसतो पण लक्षणे नाहीत, तर शून्य टक्के; दिवसा सतत झापड येत असेल तर ३०; सीपॅपसारख्या यंत्राची गरज असेल तर ५०; आणि श्वसन कायमचे निकामी होऊन शरीरात कार्बन डायऑक्साइड साठू लागला, त्यापायी हृदयाची उजवी बाजू कमकुवत झाली किंवा श्वासनलिकेला छिद्र पाडावे लागले तर १००. हे निकष बदलण्याचा प्रस्ताव व्हीएने फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर केला होता; आमच्या दाव्याचा विचार मात्र याच जुन्या तक्त्याने झाला. ७० आणि ५० मिळून १२० होतात, असे आमच्या इमारतीतील बहुतेकांना वाटले. व्हीएची बेरीज तशी नसते. ७० टक्के वजा जाता माणूस ३० टक्के धडधाकट उरतो, त्या ३० चे ५० टक्के म्हणजे १५, एकूण ८५, आणि ते जवळच्या दहाच्या पटीला नेऊन ९०. कुटुंबीय अवलंबून नसलेल्या एकट्या माणसासाठी २०२५ च्या दराने ७० टक्क्यांना महिना १,७५९.१९ डॉलर मिळतात आणि ९० टक्क्यांना २,२९७.९६. म्हणजे सगळा खटाटोप महिना सुमारे ५३९ डॉलरच्या वाढीसाठी होता.

आता सेवेविषयी. भाच्याने जानेवारी २०२४ मध्ये दावा करण्याच्या इराद्याची सूचना व्हीएकडे स्वतःच नोंदवली होती. ही एक छोटी गोष्ट आहे, पण फार मोलाची: त्या दिवसापासून वर्षभरात पूर्ण दावा दाखल केला, तर भरपाई लागू होण्याची तारीख इराद्याच्या तारखेपर्यंत मागे नेता येते. त्यानंतर त्याला ही सेवा सापडली. तिने दोन गोष्टी विकल्या. एक म्हणजे नेक्सस लेटर, अर्थात एका आजाराचा दुसऱ्याशी संबंध सांगणारे वैद्यकीय मत, ज्यासाठी पैसे आगाऊ द्यायचे होते. दुसरी म्हणजे दाव्याचे मार्गदर्शन, ज्यासाठी मंजुरीनंतर मासिक वाढीच्या पाचपट रक्कम द्यायची होती. म्हणजे जवळपास २,७०० डॉलर, आपल्या हिशेबाने सव्वादोन लाख रुपयांच्या वर. करार मी नंतर वाचला. आधी वाचला असता तर सही करू दिली नसती, कारण वाढ कोणाच्या प्रयत्नाने झाली याचा त्यात उल्लेखच नव्हता. कुठूनही, कशीही वाढ झाली तरी पैसे त्यांना द्यावयाचे.

सेवेच्या बाजूने जे आहे तेही नोंदवते. त्यांची माणसे नम्र होती, वेळेवर उत्तरे देत होती, आणि मुंबईची संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ हे त्यांना आठवण करून द्यावे लागले नाही. भाच्याचे सैन्यातील वैद्यकीय कागद, व्हीएच्या दवाखान्यातील नोंदी आणि येथील अहवाल एकत्र करून त्यांनी एकच दस्तऐवज बनवला व त्याला तारीखवार अनुक्रमणिका जोडली. दावे विभागात मी अशी अनुक्रमणिका क्वचितच पाहिली. वरचा एक तारा तिचाच.

पत्र मात्र निराळ्या हाताचे होते. ज्या डॉक्टरांची सही त्यावर आहे, त्यांनी भाच्याशी व्हिडिओवर अकरा मिनिटे बोलणे केले. पत्र तीस पानांचे, त्यातील सव्वीस पाने संशोधनपर लेखांच्या सारांशांची. उरलेल्या चार पानांत "संभव निम्मा किंवा त्याहून अधिक" हे वाक्य चार वेळा आले आहे. हे वाक्य आवश्यक असते हे खरे. व्हीएच्या कायद्यात बाजूचा आणि विरुद्ध पुरावा समतोल असेल तर संशयाचा फायदा दावेदाराला मिळतो, म्हणून डॉक्टरने निम्म्याचे माप सांगावे लागते. पण माप सांगणे वेगळे आणि मोजून दाखवणे वेगळे. एका परिच्छेदात तर त्याच्या "समुद्रावरील सेवेचा" उल्लेख होता. माझ्या भाच्याला बोटीवर उलट्या होतात आणि तो एलिफंटालाही जायला तयार नसतो. दुसऱ्या कुणाच्या पत्रातला परिच्छेद येथे उतरला होता हे उघड आहे, तरी या चुकीचा मला तितका राग नाही; टंकलेखनाच्या चुका आम्हीही केल्या आहेत.

राग आहे तो संशोधन वापरण्याच्या पद्धतीचा. सारांशांमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास ठळकपणे मांडला होता. इराक आणि अफगाणिस्तानात जाऊन आलेल्या, पीटीएसडीच्या उपचारांसाठी आलेल्या १९५ माजी सैनिकांपैकी सुमारे ६९ टक्के जणांना स्लीप ॲप्नियाचा मोठा धोका आहे, असे त्यात आढळले. आकडा डोळ्यांत भरणारा आहे. परंतु तो प्रश्नावलीवरून काढलेला धोक्याचा आकडा आहे, तपासणीत सिद्ध झालेल्या आजाराचा नाही. आणि दोन आजार एकाच माणसात दिसतात म्हणून एकामुळे दुसरा होतो, असे त्यातून सिद्ध होत नाही. पत्रात या दोन्ही मर्यादांविषयी एक ओळ नव्हती. शिवाय १९५ जणांविषयी काहीही खरे असले, तरी आमच्या घरातील एकशे शहाण्णवाव्याचे काय, हे सांगायला पत्र लिहिले जाते.

याहून मोठी चूक एका सल्ल्यात होती. ऐन कागदपत्रांच्या दिवसांत भाचा मला म्हणाला, "मावशी, वजनाचा विषय काढू नकोस, त्यांनी तसं बजावलंय." त्यांचे म्हणणे असे की, वजन वाढले आहे हे दिसले की व्हीए सगळा दोष लठ्ठपणावर टाकून मोकळी होते. म्हणून पत्रात वजन नाही, मानेचा घेर नाही, औषधांची यादी नाही. आता, सैन्यातून सुटला तेव्हा ७६ किलो आणि आज १०४ किलो असलेला माणूस समोर बसवायचा आणि वजनाविषयी मौन पाळायचे, हे दावा तपासणाऱ्याला किती काळ न कळणार? माझ्या टेबलावर असा कागद आला असता, तर न लिहिलेल्या गोष्टीवरच मी सर्वांत आधी बोट ठेवले असते.

झालेही तसेच. दावा एप्रिल २०२४ मध्ये गेला, व्हीएच्या वतीने एका डॉक्टरांनी भाच्याला तपासले, आणि सप्टेंबरमध्ये नकार आला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी लिहिले होते की स्थूलता, जाड मान, वय आणि पुरुष असणे ही या आजाराची परिचित कारणे येथे हजर आहेत व सादर केलेल्या पत्रात त्यांचा विचार केलेला नाही. मी नकाराचे ते पान दोनदा वाचले आणि मला तो योग्य वाटला. पत्रात आजार "वाढला" असाही मोघम दावा होता, परंतु वाढ मान्य होण्यासाठी वाढण्यापूर्वीची पातळी वैद्यकीय पुराव्याने दाखवावी लागते, हे त्याच ३.३१० कलमात लिहिलेले आहे. ती पातळी पत्रात कुठेच नव्हती. सेवेने पुढे सुचवलेला उपाय म्हणजे आणखी एक पत्र, पुन्हा आगाऊ पैसे घेऊन.

येथून पुढचे काम सेवेविना झाले, आणि तुलनेसाठी ते सांगणे भाग आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या अनेक जुन्या संघटना आहेत. डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स, अमेरिकन लीजन, व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स ही त्यांतील मोठी नावे. त्यांचे व्हीएकडून अधिकृत झालेले प्रतिनिधी दाव्यात मदत करतात आणि त्यासाठी काहीही आकारत नाहीत. परदेशात राहणाऱ्या माणसालाही एका अर्जावर त्यांना आपला प्रतिनिधी नेमता येते. हे मला तेव्हा माहीत नव्हते. माझी समजूत अशी होती की वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत जाऊन विचारावे लागेल. पण व्हीएचे परदेशातील एकमेव प्रादेशिक कार्यालय मनिलाला आहे आणि भारतातून गेलेला दावा पिट्सबर्गच्या कार्यालयाकडे जातो. आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांनी जिल्हा सैनिक कार्यालयाचे नाव सुचवले, तेही अर्थातच भारतीय सैनिकांसाठी. मात्र त्यांनी एक गोष्ट अचूक सांगितली: "आमच्याकडेही वाद याचाच असतो, आजार सेवेमुळे झाला की सेवेमुळे वाढला. डॉक्टर काय लिहितो यावर सगळं."

आम्हाला मिळालेल्या प्रतिनिधीने पहिल्याच दूरध्वनीत वजनाविषयी विचारले. भाच्याने अडखळत आकडा सांगितला, तर पलीकडून उत्तर आले की हाच तर तुमचा दावा आहे. व्हीएच्या मुख्य विधी सल्लागारांनी जानेवारी २०१७ मध्ये एक बंधनकारक मत दिलेले आहे. लठ्ठपणाला स्वतंत्र अपंगत्व म्हणून मान्यता मिळत नाही, परंतु मान्य आजार आणि नवा आजार यांच्यातील मधली पायरी म्हणून तो धरता येतो. त्यासाठी तीन प्रश्नांची उत्तरे लागतात. मान्य आजारामुळे लठ्ठपणा आला का? तो लठ्ठपणा नव्या आजाराचे एक ठोस कारण होता का? आणि लठ्ठपणा नसता तर नवा आजार झाला नसता का? मला माझे कुजलेल्या कापसाचे पाणी सापडले. सेवेने जे लपवायला सांगितले होते, तीच मधली कडी होती.

नवे पत्र पार्ल्यातील त्याच छातीविकारतज्ज्ञांनी लिहिले, ज्यांनी त्याला दीड वर्ष तपासले होते. परदेशी डॉक्टरांचे मत चालते का, अशी शंका होती. प्रतिनिधीने सांगितले की चालते, मताचे वजन डॉक्टरने दिलेल्या कारणांवरून ठरते. माजी सैनिकांच्या दाव्यांसाठीच्या अमेरिकी अपील न्यायालयाने २००८ मधील एका निवाड्यात हेच म्हटले आहे की वैद्यकीय मताचे पुरावामूल्य मुख्यत्वे त्यातील युक्तिवादातून येते. आमच्या डॉक्टरांनी पत्रासाठी नेहमीच्या तपासणीच्या शुल्काखेरीज काही घेतले नाही, पण काम मनापासून केले. सेवेची ती अनुक्रमणिका त्यांच्या पुढ्यात होती. तिच्या आधारे त्यांनी वर्षावर्षाचे वजन काढले. २०१३ मध्ये झोप आणि उदासीनता यांसाठी मिर्टाझापीन सुरू झाले, ज्याने भूक आणि वजन वाढते हे सर्वज्ञात आहे. त्यानंतरच्या तीन वर्षांत वजन २० किलोंनी चढले. गर्दीच्या भीतीने व्यायामशाळा सुटली, हे व्हीएच्याच मानसोपचारतज्ज्ञाच्या नोंदीत होते. दुःस्वप्नाने जाग आल्यावर रात्री दोन-तीन वाजता खाण्याची सवय लागली, तीही नोंदीत होती. २०१० च्या शारीरिक तपासणीत घोरण्याची तक्रार नाही. घरातल्या माणसांनी घोरण्याविषयी बोलायला सुरुवात केली ती २०१६ नंतर.

या अडीच पानी पत्रातील मला सर्वांत आवडलेले वाक्य असे आहे की, पीटीएसडीमुळे घशाचा मार्ग थेट मिटतो की नाही याविषयी वैद्यकशास्त्रात एकमत नाही आणि मी तसा दावा करीत नाही. सेवेचा एकही कर्मचारी असे वाक्य पत्रात राहू देणार नाही. पण या एका कबुलीमुळे पुढची प्रत्येक ओळ विश्वसनीय झाली, कारण लिहिणाऱ्याला आपल्या मताची हद्द माहीत आहे हे वाचणाऱ्याला कळले. शेवटी तीन प्रश्न एकेक करून घेतले होते आणि प्रत्येकाच्या उत्तराला "कारण" जोडलेले होते.

एक कागद माझाही गेला. साध्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले व्हीए पुरावा म्हणून विचारात घेते. आजाराचे कारण सांगण्याचा अधिकार मात्र अशा साक्षीदाराला नसतो. सेवेने पाठवलेल्या नमुन्यात "माझ्या मते हा आजार पीटीएसडीमुळेच झाला" अशी ओळ होती, ती मी पहिल्या वेळीही खोडली होती. मी एवढेच लिहिले की आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एक भिंत आहे, रात्री घोरणे थांबते तेव्हा मला जाग येते, घड्याळात पाहून मी वीस-पंचवीस सेकंद मोजले आहेत, आणि नंतर तो बुडणाऱ्या माणसासारखा श्वास ओढतो. दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत तो मुखवटा काढून फेकतो आणि त्या रात्री मी झोपत नाही, हेही लिहिले.

नकारानंतर वर्षाच्या आत, फेब्रुवारी २०२५ मध्ये, नव्या व संबंधित पुराव्यासह पुरवणी दावा दाखल केला. वर्षाची ही मुदत पाळली तर मूळ तारीख टिकते. ऑगस्टमध्ये मंजुरी आली: स्लीप ॲप्निया, दुय्यम, ५० टक्के, एकत्रित ९०, आणि तारीख जानेवारी २०२४ ची, जेव्हा भाच्याने स्वतः इराद्याची सूचना नोंदवली होती. मान्यता मिळालेल्या आजारावरील परदेशातील उपचारांचा खर्च व्हीएच्या परदेशी वैद्यकीय योजनेतून मागता येतो, त्यामुळे सीपॅपचे मुखवटे आणि नळ्या, ज्या मुंबईच्या दमट हवेत फार टिकत नाहीत, त्यांचाही प्रश्न पुष्कळसा सुटला.

मंजुरीनंतर तीन आठवड्यांनी सेवेचे बिल आले. पाचपट वाढ, कराराच्या कलमाचा हवाला, आणि अभिनंदन. अशा सेवांचा विचार करणाऱ्यांनी यातील कायदा समजून घ्यावा. व्हीएपुढील दावा तयार करून देण्याचे काम करणाऱ्याला व्हीएची अधिकृत मान्यता लागते. मान्यताप्राप्त वकील किंवा शुल्क घेऊन काम करणाऱ्या दावा-एजंटलाही पहिला निर्णय होण्यापूर्वीच्या कामासाठी शुल्क घेता येत नाही. त्यानंतरच्या कामासाठी मिळालेल्या थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतचे शुल्क वाजवी धरले जाते आणि एकतृतीयांशाच्या वर गेले तर अवाजवी. कोणाला मान्यता आहे हे व्हीएच्या विधी विभागाच्या संकेतस्थळावरील यादीत नाव घालून कोणालाही पाहता येते. मी सेवेचे आणि पत्रावर सही करणाऱ्याचे, दोन्ही नावे घालून पाहिली. डॉक्टरांना मत देण्यासाठी ही मान्यता लागत नाही, त्यामुळे त्यांचे नाव नसणे ठीक होते. सेवेचेही नव्हते.

बिलाला मी भाच्याच्या वतीने तीन ओळींचे उत्तर लिहिले: आपला मान्यता क्रमांक कळवावा, पुरवणी दाव्यात आपण केलेल्या कामाचा तपशील द्यावा, म्हणजे रकमेचा विचार करता येईल. त्याला आता सात आठवडे झाले. पूर्वी दिवसाच्या आत उत्तर देणाऱ्या त्या नम्र माणसांकडून अद्याप काही आलेले नाही.